तिसरा फर्मा आणि चौथा

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच प्राध्यापकबाईंचा फोन. अण्णांचं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. एक्केचाळीस वर्षांनी! भांडी तशीच ठेवून मी अर्धा तास खुर्चीत बसून राहिले. हे असते तर चष्मा शोधत घरभर फिरले असते, आणि चष्मा कपाळावर असता.

अण्णा कवी, ह्यांचे मित्र. ह्यांनी छापखान्यात त्या पुस्तकाचे खिळे जुळवले, एकेक अक्षर चिमटीत धरून. आणि तिथेच बांधणीखात्यात त्याचे फर्मे मी लावले. बाईंना फर्मा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मी सांगितलं, छापून दुमडलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा. असे पाच ओळीने एकावर एक ठेवायचे आणि शिवायचे, झालं पुस्तक. एकोणीस वर्षं त्या हे पुस्तक शिकवताहेत, पण ते होतं कसं ते कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

"काकू, काकांची जुनी प्रुफं असतील का हो? अण्णांच्या घरी हस्तलिखिताचा पत्ताच नाही."

"ह्यांनी काही टाकलं असेल तर शपथ," मी म्हटलं. "तुटक्या चपलेचा अंगठासुद्धा ठेवलाय."

उद्या माळ्यावर चढायचं. लेकीला सांगायचं नाही, ओरडेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रुफं सापडली. सापडली नसती तर बरं झालं असतं का, ते अजून ठरत नाही.

पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेली. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने ह्यांनी आकडा घातलेला. पुस्तकात पानांना आकडे नव्हते, अण्णांनी नकोच म्हणून सांगितलं होतं. "आठवणींना कुठे आकडे असतात?" असं म्हणाले होते म्हणे. छापखान्याच्या मालकांनी डोक्याला हात लावला होता. फर्म्याच्या तळाशी बारीक खूण असते, बांधणाऱ्याच्या सोयीसाठी, तीही अण्णांनी काढायला लावली.

तर ह्यांच्या आकड्यांप्रमाणे तिसरा फर्मा दाराचा आणि चौथा विसरण्याचा. माझ्या पुस्तकात, म्हणजे सगळ्यांच्याच पुस्तकात, विसरण्याचा आधी येतो आणि दाराचा नंतर.

प्रुफांखाली मालकांना लिहिलेल्या चिठ्ठीची कार्बनवरची प्रत होती. अक्षर ह्यांचंच. "तीन आणि चार नंबरचे फर्मे उलटे लागले. तीनशेच्या तीनशे प्रती शिवून झाल्या आहेत. चूक माझी." खाली सही, वार, तारीख.

त्यानंतर एकोणचाळीस वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहिलो आणि मला कळू दिलं नाही. हे कधी खोटं बोलले नाहीत, तेव्हा चूक त्यांचीच असणार. मला क्रम सांगताना गडबडले असतील. प्रुफाचं पान हातात असूनही चुकले, म्हणजे किती दमले असतील तेव्हा.

आता बाईंना काय सांगू? पुस्तकाच्या मागे ह्यांचं नाव आहे, "अक्षरजुळणी" म्हणून. जगात ह्यांचं नाव छापलेलं तेवढ्या एकाच ठिकाणी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांकडे जाऊन आले. ते चौऱ्याऐंशीचे झाले. पूर्वी दर गुरुवारी ते आमच्याकडे यायचे, आता मी जाते. आज तीनदा विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी फर्मे लावणारी, अण्णा."

"बरं बरं." थोड्या वेळाने, "चहा घेणार का? मालकीणबाईंना सांगतो." मालकीणबाई म्हणजे त्यांची सून. ती आतूनच म्हणाली, "सांगा हो, मालकीणबाई ऐकतेय. पगारही वाढवा."

अण्णा हसले. कशाला हसलो ते पुढच्या क्षणाला विसरले, पण हसू तोंडावर राहिलं होतं. मला तेवढं पुरलं.

चिठ्ठीबद्दल त्यांना विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. सांगून टाकलं.

"माळ्यावर कुणी चढवलं तुला?"

"शिडीने."

"आई! आणि आता गप्प बस. कुणाला कळलंय? पुस्तक चांगलं चाललंय, लोक पेपर लिहितात त्याच्यावर. बाबांचं नाव कशाला मातीत घालतेस?"

"मातीत कशाला? चूक तर चूक."

"मग जा, दवंडी पीट. तू ऐकणार थोडीच."

ती वकील आहे. बापावर तिचा इतका जीव, की बापाची चूक ऐकायचीच तिची तयारी नाही. तिचा राग आला नाही. बापासाठी इतकं भांडणारी लेक मला मिळाली, हे काय कमी?

दुपारी दोन्ही क्रमांनी वाचून पाहिलं. आधी माझ्या पुस्तकाप्रमाणे. माणूस स्वतःच्या आत पायऱ्या उतरतो. दुसरा फर्मा संपतो तिथे ओळ आहे:

शेवटच्या पायरीवर
माझाच पाय माझी वाट बघत होता.

मग विसरणं सुरू होतं:

आधी गेली नावं,
मग नावांच्या जागा,
मग त्या जागांवरचा उजेड.

सोळा पानांत सगळं जातं. भाषाही जाते. शेवटी पानांवर शब्दच उरत नाहीत, मधेच कुठे एखादा असतो, वाटेत सांडल्यासारखा. आणि मग:

दाराला हात लावला
आणि हाताला आई आठवली.

तिथून एकेक परत येऊ लागतं. आई, भाऊ, ओल्या कपड्यांचा वास, स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. पाचव्या फर्म्यात अंगण लागतं आणि पुस्तक संपतं: "कुणीतरी नुकतंच झाडून गेलेलं." तिथे मला नेहमी वाटायचं, घरात माणसं आहेत.

मग ह्यांच्या आकड्यांप्रमाणे वाचलं. दार आधी. सगळं आठवतं, नाव आठवतं, आणि दार उघडतच नाही. मग तेच सगळं एकेक करून जातं. शब्द संपतात. आणि मग अंगण, कुणीतरी झाडून गेलेलं. ओळी त्याच, पण घरात कुणी नाही.

प्रुफं मेणकापडात बांधून ठेवली. अण्णांनी असं लिहिलं होतं तर. आणि आज अण्णा तसेच चाललेत, पायरी पायरीने.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज काही झालं नाही. पण एक लिहून ठेवायचं आहे.

मला वाचायला ह्या पुस्तकाने शिकवलं. लग्न करून आले तेव्हा आकडे येत होते, अक्षर येत नव्हतं. बांधणीखात्यात ते कुणाला कळायचं नाही, कारण पानाला आकडा असला की झालं. अण्णांच्या पुस्तकाला आकडे नव्हते, तेव्हा ह्यांनी पानाचा चेहरा ओळखायला शिकवलं. वर तीन ओळी असलेला फर्मा, वर दोन ओळी असलेला फर्मा, असं.

पुस्तक झालं आणि पुढच्याच महिन्यात मालकांनी ह्यांना पुस्तकांवरून काढून लेबलांवर घातलं. बाटल्यांची लेबलं, पावत्या, लग्नपत्रिका. मी हळहळले, तर म्हणाले, "अगं, बरंच झालं. पाचला सुटतो. डोळ्यांनाही आराम." खरंच पाचला घरी यायचे. हातपाय धुतले की मला घेऊन बसायचे, आणि आमच्याकडे वाचायला एकच पुस्तक होतं. वर्षभरात ते मी बोटाने वाचून काढलं. मग वाचनालय लावलं. मग थांबलेच नाही. मालकांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. त्यांनी ह्यांना हलकं काम दिलं नसतं तर मी आजही पानांचे चेहरेच बघत बसले असते.

अण्णाही तेव्हापासूनच यायला लागले. पहिल्यांदा आले ते एका गुरुवारी छापखान्यातच, कोरी प्रत हातात घेऊन. बांधणीखात्याच्या दारात उभे राहिले. चेहरा लाल. उन्हातून आले असतील. मला म्हणाले, "पुस्तक तुम्ही लावलंत?" मी कधी नव्हे ती ताठ उभी राहून म्हटलं, "हो. सगळ्या तीनशे प्रती. बरं झालंय ना?" ते माझ्याकडे आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, "बरं झालंय."

माझ्या कामाला कुणी बरं म्हटलेलं ते पहिलं. आणि पुढच्या गुरुवारी चहाला आले. आले की विचारायचे, कुठवर आलात, पुढे काय होईल असं वाटतं? एवढा मोठा माणूस, पण माझं अडखळत वाचणं कान देऊन ऐकायचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाई स्वतःच आल्या, नव्या आवृत्तीची प्रस्तावना घेऊन. वाचूनच दाखवली. चौथ्या पानावर आल्या तेव्हा मी हातातली बशी खाली ठेवली.

त्यांनी लिहिलंय की ह्या कवितेचा प्राण तिसऱ्या आणि चौथ्या भागांमधल्या उडीत आहे. जाणीव पूर्ण रिकामी झाल्याशिवाय खरी स्मृती येत नाही. आणि ती डोक्यात येत नाही, हातात येते. संतांनी जे देवाबद्दल सांगितलं ते हा कवी आठवणीबद्दल सांगतो. एवढी धाडसी उडी आधुनिक कवितेत दुसरी नाही.

"कशी वाटली?" बाईंनी विचारलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा चेहरा.

मी म्हटलं, "सुंदर." खोटं नव्हतं. मलाही ते तसंच वाटत आलंय, फक्त मला असं सांगता आलं नसतं.

"माझी आई गेली ना, तेव्हा मी ही दोन प्रकरणं रोज वाचायचे. ह्याच क्रमाने. त्यावर तगले म्हणा ना." मग विचारलं, "प्रुफं मिळाली?"

"शोधतेय," मी म्हटलं. आणि हे मात्र खोटं होतं.

वीस तारखेला मजकूर छपाईला जातोय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भरभर लिहितेय, अक्षर लागलं तर बघायचं.

ठरवलं होतं बाईंना सांगायचं. पण ह्यांना कुणी निष्काळजी म्हणू नये, म्हणून चूक कशी होऊ शकते ते करून दाखवावं, असं डोक्यात आलं. जुनी वर्तमानपत्रं दुमडून पाच गठ्ठे केले. टेबलावर तीनच मावतात, तेव्हाही तसंच होतं. पहिला, दुसरा आणि पाचवा टेबलावर, आणि तिसरा-चौथा मागे बाकावर. बाक म्हणून दिवाण धरला. तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे. फेरी मारायची, उचलत जायचं. दहाएक फेऱ्या झाल्या. सगळं बरोबर येत होतं.

बोटं गारठली होती. दिवाणावर ऊन नव्हतं, समोर खिडकीशी होतं. म्हणून दोन्ही गठ्ठे होते तसे उचलून समोर नेले आणि वळून त्यांच्यापुढे उभी राहिले. हात सवयीने डावीकडे गेला.

डावीकडे चौथा होता.

तिथेच खाली बसले. आणि सगळं आलं. तो दिवस, सरसाचा वास, बोटांच्या चिरा. हे त्या दिवशी नव्हतेच! मुखपृष्ठाचा ठसा आणायला गेले होते, परत आले ते दिवेलागणीला. जाताना गठ्ठे स्वतः लावून गेले होते, अगदी बरोबर, आणि म्हणाले होते, "डावीकडून उचलत जा." मला थंडी वाजत होती. शिलाईवाल्या मावशींना मी म्हटलं, "जरा धरा हो, बाक उन्हात घेऊ." दोघींनी गठ्ठ्यांसकट उचलला आणि समोरच्या भिंतीला लावला. मी वळून उभी राहिले आणि दिवसभर डावीकडून उचलत गेले. तीनशे वेळा. ऊन पाठीवर घेत, गाणं म्हणत. गठ्ठे ह्यांनीच लावलेले, म्हणून पानांचे चेहरे बघितलेच नाहीत. वाचता येत असतं तर पहिल्याच प्रतीला कळलं असतं.

चिठ्ठी पुन्हा काढली. तारीख बघितली. गुरुवार. अण्णा लाल चेहऱ्याने दारात आले तो दिवस. आणि लेबलं पुढच्या महिन्यापासून.

डोळ्यांना आराम म्हणे!

आज दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या फोटोशी भांडले. मोठ्याने. शेजारीण बेल वाजवून विचारून गेली, कुणी आलंय का.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "बाबांना लेबलं मुळीच आवडायची नाहीत, आई. मला एकदा म्हणाले होते. बाटली फेकली की माझं काम संपलं, असं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगू नको म्हणाले होते."

दोघी रडलो. मग तिने विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने स्वतःच्या नावावर घेतलंय ते काढून माझ्या नावावर घालणार." ती म्हणाली, "वकील लागला तर सांग." पोर बापावर गेलीय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना बोलावून प्रुफं पुढ्यात ठेवली. गठ्ठे लावून फेरी मारून दाखवली, दिवाणावरून खिडकीपर्यंत. त्या भिंतीला टेकून बघत होत्या. चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटचे दोन शब्द खोटे आहेत, हेही सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "काकू, एकोणीस वर्षं मी एका बाकाचा अर्थ सांगत आले!" आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला. मी पदर पुढे केला, तर तोही घेतला.

"आईच्या वेळी मी काय धरून बसले होते मग?"

"जे होतं तेच," मी म्हटलं. "मीही तेच धरून आहे."

"पण ते त्यांनी लिहिलेलं नाही ना!"

मी प्रुफं त्यांच्याकडे सरकवली. त्या म्हणाल्या, छपाई थांबवते आठवडाभर. क्रम कुठला, ते अण्णांनी सांगायला हवं. मी म्हटलं, अण्णांना माझं तोंडही ओळखता येत नाही. त्या म्हणाल्या, तरी पुस्तक त्यांचंच आहे.

आज गुरुवार असून अण्णांकडे जाणं झालं नाही. पहिल्यांदाच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आणि मी गेलो. अण्णा खिडकीशी बसले होते, शाल नीट पांघरलेली. सून म्हणाली, "आज सकाळपासून माझं नाव विचारताहेत. मी दर वेळी वेगळं सांगतेय. तेवढीच मजा."

मी कबुली दिली. तीनशे प्रती, बाक, ऊन, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "थंडी होती का?"

"होती."

"मग बरं केलंत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्याने काही ठरत नव्हतं. म्हणून मी वाचायला घेतलं. पहिला फर्मा, दुसरा. अण्णांचे ओठ मधूनमधून हलत होते. "शेवटच्या पायरीवर माझाच पाय माझी वाट बघत होता," इथे मी आले आणि थांबले. मांडीवर दोन्ही फर्मे होते. कुठला उचलायचा? दाराचा उचलावा तर पुढे सगळं जाणार, आणि ते ह्या माणसाला तोंडावर वाचून दाखवायचं? विसरण्याचा उचलावा तर पुन्हा माझीच चूक पुढे रेटायची? हात उचलेना.

"पुढचं मला येतं," अण्णा म्हणाले.

आणि त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "आधी गेली नावं, मग नावांच्या जागा." म्हणत राहिले. सगळी सोळा पानं. जिथे पानांवर शब्द सांडल्यासारखे आहेत तिथे ते तेवढाच वेळ थांबायचे. शेवटच्या शब्दानंतर खूप वेळ थांबले. सून स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता काही येणार नाही. अण्णांच्या खऱ्या पुस्तकात ह्यापुढे काहीच परत येत नाही.

मग त्यांनी हात पुढे केला, हवेतच, आणि म्हणाले, "दाराला हात लावला."

पुढची ओळ आम्ही तिघींनी म्हटली. सुनेलाही येत होती, हे मला माहीत नव्हतं.

जिन्यात बाई म्हणाल्या, "त्यांनी तुमचं पुस्तक पाठ केलंय, काकू. स्वतःचं नाही." पुस्तक आहे त्याच क्रमाने छापायचं ठरलं. प्रुफांचा क्रम शेवटी वेगळा द्यायचा, ज्याला हवं त्याने तसं वाचावं. ते मला पटलं. जे अण्णांनी लिहिलं ते कुणी लपवू नये. ह्यांनी लपवलं ते माझ्यासाठी, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्याने दिली.

"एक टीप द्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "काय लिहू? बांधणीतली चूक, एवढंच?"

"नाही. लिहा, की जुळाऱ्याने क्रम बरोबर लावून दिला होता. फर्मे लावणाऱ्या बाईने बाक उन्हात नेला, आणि तिला तेव्हा वाचता येत नव्हतं."

बाई पायरीवरच थांबल्या. "असं छापू? तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाईट कशाचं?" मी म्हटलं. "आता येतं ना."